दीड तासाची वाट : नेपाळमधले सहा दिवस

पहिला दिवस : काठमांडू

काठमांडूला उतरलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. वर्ष मात्र थेट सत्तावन्ननं पुढे जातं, कारण दुकानातल्या बिलापासून दवाखान्यातल्या केसपेपरपर्यंत सगळीकडे विक्रम संवत. आपल्याकडे आश्विन अजून सरायचा होता, इथे कार्तिक लागलाही होता. दसैं, म्हणजे इथला दसरा, उरकला होता आणि तिहारसाठी, म्हणजे दिवाळीसाठी, झेंडूच्या माळा बाजारात दिसायला लागल्या होत्या.

मी अकोले तालुक्यात बावीस वर्षं आरोग्य सेविका होते. गावातल्या बायका नर्सबाई म्हणायच्या, आजही म्हणतात. निवृत्त झाल्यावर कुठे देवदर्शनाला जाणार, असं सगळे विचारत होते. पशुपतिनाथ झालंच, पण माझ्या मनात वेगळंच होतं. आपल्याकडे आशा आल्या २००५ मध्ये. नेपाळनं हेच काम १९८८ मध्ये २७ जिल्ह्यांत सुरू केलं आणि मग सगळ्या ७५ जिल्ह्यांत नेलं. आज तिथे पन्नास हजारांहून जास्त बाया हे काम करतात. त्यांचं सरकारी नाव आहे ‘महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका’. भाषांतराची गरजच नाही. मला त्यांना भेटायचं होतं. ओळखीच्या एका डॉक्टरांचं तिकडे जाणं-येणं होतं. त्यांच्यासोबत आम्ही चौघी निघालो.

पाट्या देवनागरीत असल्यामुळे पहिल्या तासातच परकेपणा गेला. थापाथलीला गाडी अडकली आणि समोर ‘प्रसूति गृह’ हे शब्द वाचले. १९५९ पासून चालू असलेलं, देशातलं बाळंतपणाचं मोठं रुग्णालय. दाराशी उभे नातेवाईक, हातात थर्मास, पिशवीत दुपटी. हे दृश्य मला कुठेही ओळखू येईल.

संध्याकाळी एका निवृत्त आरोग्य अधिकाऱ्यांच्या घरी चहाला गेलो. त्यांनी बिस्किटांच्या बशीशेजारी कागद ठेवून आकडे लिहून दाखवले. १९९६ च्या पाहणीत लाखभर जिवंत जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या. २०२१ च्या जनगणनेसोबत मोजलं तेव्हा १५१. दवाखान्यात होणारी बाळंतपणं १९९६ मध्ये शंभरात ८, २०२२ मध्ये ७९. हे लिहिताना त्यांचा हात भरभर चालत होता. मग तो जरा थांबला. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं २०१६ मध्ये हजारी २१ आणि २०२२ मध्येही हजारी २१.

हा शेवटचा आकडा मी माझ्या वहीत उतरवला आणि त्याखाली रेघ मारली. बायका दवाखान्यात यायला लागल्या, पण बाळं तेवढीच जातायत. म्हणजे घरी परतल्यावर काहीतरी राहून जातंय. ते बघायलाच मी डोंगरात निघाले होते.

दुसरा दिवस : धुलिखेल

अरनिको राजमार्गानं भक्तपूर, बनेपा करत धुलिखेलला पोचलो. अंतर तीसेक किलोमीटर, पण धूळ आणि ट्रकमुळे दोन तास गेले.

धुलिखेल रुग्णालय १९९६ मध्ये सुरू झालं. डॉ. रामकण्ठ माकाजू यांनी गावकऱ्यांना आणि परदेशातल्या मित्रांना हाताशी धरून ते उभं केलं. आज ते मोठं शिकवणारं रुग्णालय आहे, आणि आसपासच्या जिल्ह्यांत डोंगरावर त्याची छोटी केंद्रंही आहेत. ओपीडीत पाठीवर आजीला बसवून आणलेला एक नातू दिसला. बांबूच्या ‘डोको’त आजी बसलेली, डोकोचा पट्टा नातवाच्या कपाळावर. डोको म्हणजे निमुळती टोपली. गवत, लाकडं, वीट, माणूस, सगळं तिच्यातूनच जातं.

इथून एक तरुण परिचारिका आमच्यासोबत निघाली. ती आम्हाला दिदी म्हणायची, आम्ही तिला बहिनी. आमची दुभाषी तीच. गाव किती किलोमीटरवर आहे, असं मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “दिदी, इथे किलोमीटर विचारू नका, तास विचारा. आणि तेही चढणीचे की उतरणीचे, ते विचारा.”

पहाटे छतावरून बर्फाच्या रांगा दिसल्या. खूप वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा दिवस : दोलालघाटावरून चौताराकडे

धुलिखेलहून रस्ता घाटानं खाली उतरत जातो आणि दोलालघाटला इंद्रावती आणि सुनकोशी या दोन नद्या भेटतात. पुलाजवळ ओळीनं दुकानं, काचेच्या कपाटात तळलेले मासे. तिथे मासे, चिउरा म्हणजे आपले कोरडे पोहे, आणि झणझणीत चटणी असं जेवलो. मग पुन्हा चढण, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते भूकंपाच्या बातम्यांत. २५ एप्रिल २०१५. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि सगळ्यात जास्त याच जिल्ह्यात. तो शनिवार होता आणि दुपारचे बारा वाजायला आले होते. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे शाळा रिकाम्या होत्या. बहिनीनं हे सांगितलं तेव्हा गाडीत सगळ्यांनी आपापल्या मनात हिशेब केला असणार. चौतारा हे जिल्ह्याचं ठिकाण. इथला दवाखानाही पडला होता आणि नॉर्वेच्या रेडक्रॉसनं तंबूत रुग्णालय उभं केलं होतं. आता नव्या इमारती आहेत, काही अर्धवट, गंजलेल्या सळया वर काढलेल्या.

चौतारा हे नाव कशावरून आलं ते मला चौकातल्या पिंपळाखाली कळलं. वाटसरूंनी भारा टेकवून बसावं म्हणून झाडाभोवती बांधलेला दगडी ओटा म्हणजे चौतारी. आपला पार. पायवाटेवर असे पार जागोजागी आहेत आणि कुठलं गाव किती दूर हे सांगतानाही लोक ‘दुसऱ्या चौतारीच्या पुढे’ असं सांगतात.

२०१५ च्या राज्यघटनेनंतर नेपाळनं कारभाराची घडी बदलली. ७५३ पालिका झाल्या आणि गावपातळीचा दवाखाना, औषधं, माणसं, स्वयंसेविका हे सगळं बरंचसं त्यांच्या अंगावर आलं. काठमांडूला अर्ज पाठवून वाट बघण्यापेक्षा हे बरं, कारण पालिकेचा अध्यक्ष पायी गाठता येतो. पण जिथे तो दवाखान्याकडे इमारत म्हणून बघतो तिथे इमारत होते आणि कपाटं रिकामी राहतात. आम्ही रात्री मुक्काम केला त्या पालिकेत दोन्ही गोष्टी दिसल्या. नाव लिहीत नाही. नवी कोरी दुमजली आरोग्य चौकी, दारात फरशी, आणि औषधांच्या खोलीत नाभी मलमाच्या, म्हणजे नवजात बाळाच्या नाळेला लावायच्या मलमाच्या, रकान्यात दोन महिने शून्य.

चौथा दिवस : वरचं गाव

सकाळी सातला निघालो. रस्ता होता तिथपर्यंत जीप गेली, पुढे पायवाट. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खाली पिवळा पडलेला भात, वर कोदो. कणीस हातात घेतलं तर ती आपली नाचणी. आपण ज्याला कोद्रा म्हणतो ते वेगळं धान्य, इथे कोदो म्हणजे नाचणीच. भूकंपात पडलेल्या घरांच्या जागी पत्र्याची, दोन खोल्यांची घरं. गावात तरुण पुरुष जवळजवळ नाहीत. कुणी कतारला, कुणी मलेशियाला. भात कापणाऱ्या सगळ्या बायका.

स्वयंसेविका अंगणात वाट बघत होती. वय त्रेपन्न, तमांग समाजाची, कानात सोन्याची मोठी गोल फुलं. मला ती दिदी म्हणाली, मी तिला ताई म्हणायला लागले, आणि संध्याकाळपर्यंत तीही मला ताई म्हणायला लागली. हिंदी ती टीव्हीवरून शिकली होती, आमचं बरंचसं त्यातच भागलं.

संवत २०५१ पासून ती हे काम करते. तीस वर्षं. आमा समूहानं, म्हणजे गावातल्या आयांच्या गटानं, तिला निवडलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिला लिहिता येत नव्हतं. नोंदवहीत चित्रं असतात म्हणून अडलं नाही. गरोदर बाईचं चित्र, बाळाचं चित्र, गोळ्यांचं चित्र, त्याखाली रेघा मारायच्या. पुढे तिनं मुलाच्या पुस्तकातून अक्षरं गिरवली. भूकंपात तिचं घर बसलं. आठवडाभर ताडपत्रीखाली होती. “मग काम?” मी विचारलं. ती म्हणाली, “दोन बायांचे दिवस भरले होते ना.”

मी तिची पिशवी बघायला मागितली. आपल्या आशांची पिशवी मी शेकडो वेळा तपासली आहे, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. तिनं गुंदरी अंथरली, गवताची चटई, आणि एकेक वस्तू काढून ठेवली. जीवन जलची पाकिटं, हे इथलं ओआरएस. झिंकच्या गोळ्या. आयर्न चक्की, चक्की म्हणजे गोळी. पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं आणि निरोध. चित्रांचा तक्ता, कडा झिजलेला. बाळाचे श्वास मोजायचं टायमर. आणि तळातून, रुमालात गुंडाळलेली, नाभी मलमाची एक ट्यूब.

“एकच?”

“एकच राहिली. ही खालच्या घरातल्या कान्छीची. तिला नववा लागलाय.”

कान्छी म्हणजे धाकटी. तीन गरोदर बाया होत्या तिच्या यादीत. बाकी दोघी रस्त्याजवळच्या, दवाखान्यात पोचतील अशा. कान्छीचं घर ओढ्यापलीकडे. म्हणून ती ट्यूब तिच्यासाठी राखून ठेवलेली.

या मलमावर मला थांबायलाच हवं, कारण मी याच गोष्टीत बावीस वर्षं वेगळं बोलत आले. आपल्याकडे आम्हाला शिकवलं होतं: नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका. मी प्रत्येक बाळंतिणीला हे सांगितलं. ती मान डोलवायची, आणि तिसऱ्या दिवशी बाळाचं दुपटं उघडलं की नाळेवर खोबरेल तेल, हळद, एखाद्या पाड्यावर चुलीतली राख. सासू म्हणायची, उघडं कसं ठेवायचं लेकराला? मी चिडायचे.

नेपाळातही बायका मोहरीचं तेल, हळद असं काहीबाही लावायच्या. सर्लाही जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावलेल्या बाळांत मृत्यू २४ टक्क्यांनी कमी दिसले. मग काठमांडूतल्याच कारखान्यात ते मलम तयार करून घेतलं आणि २०११ नंतर देशभर नेलं. जिथे बाळं दवाखान्यातच होतात आणि स्वच्छता असते तिथे कोरडी नाळ बरी, हे आजही खरं आहे. पण घरी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बाळ होणार असेल तिथे इथल्या लोकांनी सासूशी भांडण काढलं नाही. सासूचा हात काहीतरी लावणारच, तर त्या हातात चांगलं ते ठेवलं. मी हे ऐकलं तेव्हा मला माझ्या सगळ्या सासवा आठवल्या. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि मी त्यांना नुसतं ‘नको’ दिलं होतं.

आणि ते एवढं स्वस्त, एवढं साधं मलम खालच्या चौकीत दोन महिने नाही.

दुपारी चौतारीवर आमा समूह भरला. सतराजणी आल्या, बऱ्याचशा कोयता कमरेला लावूनच. मकवानपूर जिल्ह्यात असे गट घेऊन एक प्रयोग झाला होता, २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बायका महिन्याला बसल्या, आपल्याच गावातली बाळं का गेली यावर बोलल्या, आपणच उपाय ठरवले, आणि नवजात बाळांचे मृत्यू तीस टक्क्यांनी उतरले. कुठलं यंत्र नाही, औषध नाही. मी हे वाचलेलं होतं, पण बघणं वेगळं. त्या दिवशीचा विषय होता रात्री कळा सुरू झाल्या तर काय. एकीनं सांगितलं, गटाच्या बचतीतून दोन हजार काढून ठेवलेत, भारेकरी लागला तर त्याला त्यातून द्यायचे. दवाखान्यात बाळंत झाल्यावर सरकार या डोंगरी जिल्ह्यात प्रवासाचे तीन हजार देतं, पण ते नंतर हातात पडतात. रात्री दोनला ते कामाचे नाहीत. मातृ सुरक्षा चक्कीचाही विषय निघाला. घरीच बाळंत व्हायची वेळ आली तर बाळ बाहेर आल्या आल्या घ्यायच्या तीन गोळ्या, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. आठव्या महिन्यात ताई त्या घरी नेऊन देते आणि नीट समजावते: आधी पोटावर हात ठेवून बघायचं, आत दुसरं बाळ नाही ना.

ही शेवटची सूचना तिनं तीनदा म्हणवून घेतली. प्रत्येकीकडून.

पाचवा दिवस : थेंबांचा दिवस

कार्तिक आणि वैशाख, वर्षातून दोनदा, देशभर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व देतात. आपल्याकडे बाटली आणि चमचा असतो, इथे कॅप्सूल आणि कात्री. टोक कापायचं, मुलाच्या तोंडात थेंब पिळायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला अर्धा डोस, पुढच्यांना पूर्ण. सोबत जंताची गोळी, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, मोठ्याला पूर्ण.

याचाही जन्म इथल्याच जिल्ह्यांत झाला. सर्लाही आणि जुम्ल्याच्या अभ्यासांनी नव्वदच्या सुमारास दाखवलं की या थेंबांनी मुलांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याजवळ कमी होऊ शकतात. १९९३ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि २००२ पर्यंत सगळे जिल्हे झाले. दहा वर्षांत डोंगर पार करून प्रत्येक मुलाच्या तोंडापर्यंत थेंब पोचले, ते स्वयंसेविकांमुळे. जीप जिथे थांबते तिथून पुढचा सगळा रस्ता त्यांचा.

ताईनं चौतारीवर सकाळी सहालाच दुकान मांडलं. तिच्या वहीत एकसष्ट मुलं. प्रत्येकाच्या नावापुढे एक चौकोन, थेंब दिले की खूण. मुलांना ती नावानं हाक मारत होती आणि कुठल्या मुलाला कॅप्सूल दाखवली की तोंड मिटतं हेही तिला पाठ होतं. अशा मुलाला ती आधी पिंपळावरचा पोपट दाखवायची.

साडेआठच्या सुमारास एक पोरगी आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळ शालीत गुंडाळलेलं, शांत. फारच शांत. मी उठायच्या आत ताईनं कात्री खाली ठेवली होती. तिनं शाल उघडली, झबलं वर केलं, टायमर चालू केला आणि पोटावर नजर रोखली. टायमर टिकटिक करत होता, चौतारीवर सगळे गप्प. मीही मोजत होते. मिनिट झालं तेव्हा तिनं बोटं दाखवली: अठ्ठावन्न. माझे सत्तावन्न झाले होते. दोन महिन्यांच्या पुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनिया समजायचा. छाती आत ओढली जात नव्हती, एवढं बरं.

“आज थेंब नकोत,” ती म्हणाली. “आधी खाली ने.”

खाली म्हणजे आरोग्य चौकी, दीड तास. पोरीचा चेहरा पडला. भात कापून शेतात पडलेला, सासू एकटी, नवरा परदेशात. ताई एकदम म्हणाली, मी येते. पण तिच्यापुढे चाळीस मुलं अजून बाकी होती. बहिनी आणि मी पोरीबरोबर निघालो.

तो दीड तास मी कधी विसरणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एका पाड्यावरून असंच बाळ झोळीत आलं होतं. मी त्यांना पुढच्या दवाखान्यात घेऊन गेले. दाराला कुलूप होतं. तिथून तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत बाळ राहिलं नाही. त्या वाटेवरचे दगड मला अजून दिसतात. सिंधुपाल्चोकच्या उतरणीवर मी सारखी त्या पोरीच्या खांद्यावरून बाळाच्या नाकपुड्या बघत होते.

चौकी उघडी होती. अनमी जागेवर होती. अनमी म्हणजे एएनएम, आपल्याकडची आरोग्य सेविका. अक्षरं तीच, इथे त्यांचा एक शब्द झालाय. तिनं पुन्हा श्वास मोजले, अमॉक्सिसिलिनची गोळी चमच्यात पाण्यानं विरघळवली आणि पहिला डोस तिथेच दिला. बाळानं तोंड वाकडं केलं, गिळलं. पोरगी बाकावर बसली आणि मग रडली.

मला एक गोष्ट पटली नाही, ती लिहिते. पूर्वी स्वयंसेविका न्यूमोनियाचं औषध स्वतः द्यायच्या. कोट्रिमोक्साझोल असायचं त्यांच्या पिशवीत. आता नियम बदललाय. ज्यासाठी तपासून निदान करावं लागतं असं औषध त्यांनी द्यायचं नाही, धोक्याची खूण दिसली की लगेच पुढे पाठवायचं. यामागचं कारण मला समजतं. अँटिबायोटिक जपून वापरायला हवं, आणि चौक्या वाढल्यात. पण मी त्या दिवशी तिची मोजणी बघितली. माझ्याहून एकच जास्त आली आणि कदाचित तीच बरोबर होती. ज्या घरापासून चौकी दीड तासावर आहे तिथल्या पिशवीत पहिला डोस तरी असावा. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, अगदी जंतुसंसर्गाच्या इंजेक्शनपर्यंत, आणि १९९९ मध्ये जगाला दाखवलं की त्या हे करू शकतात. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते. आशा आज घरोघर जाऊन बाळ बघतात ते त्यातूनच आलं.

अनमीशी बोलताना माझ्या वहीतल्या त्या रेघ मारलेल्या आकड्याचा एक धागा हाती लागला. तिच्याकडे बाळंत झालेली बाई दुसऱ्या दिवशी डोंगर चढून घरी जाते. पुढच्या सात दिवसांत बाळ गार पडलं, दूध ओढेनासं झालं, तर बघायला तिनं जायला हवं. ती गेली तर मागे बाळंतपणाची खोली उघडी टाकून जावं लागतं. एकटीच आहे ती. घरी जाऊन बघणारी दुसरी कोण, तर वरची ताई. आणि ताईच्या पिशवीत एक ट्यूब.

चौकीच्या प्रमुखांसमोर आमच्या डॉक्टरांनी मलमाचा विषय काढला. त्यांनी लगेच वॉर्ड अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष अर्ध्या तासात आले, धान मळणीचा भुसा कपड्यांवर. शेजारच्या पालिकेकडे साठा पडून आहे हे दोन फोनमध्ये कळलं. दोन महिने कुणी विचारलंच नव्हतं. उद्या मोटारसायकलवरून पन्नास ट्यूबा आणायचं ठरलं.

संध्याकाळी वर परतलो तेव्हा ताई वही मांडीवर घेऊन बसली होती. एकसष्टपैकी अठ्ठावन्न चौकोन भरले होते. आजारी बाळ धरून तीन रिकामे.

सहावा दिवस : परत

रात्री तिच्याकडेच जेवलो. ढिंडो म्हणजे नाचणीची घट्ट उकड, गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट आमटी. झोपायच्या आधी तिनं विचारलं, तुमच्याकडच्या आशांना काय मिळतं? मी सांगितलं. ठरलेली रक्कम आणि वर प्रत्येक कामाचा वेगळा मोबदला, तोही वेळेवर येतोच असं नाही. शंभराचे एकशे साठ नेपाळी, या हिशेबानं तिनं मनात गुणाकार केला आणि गप्प राहिली. तिला वर्षाला पोशाखाचा भत्ता मिळतो, मोहिमेच्या दिवसांचे थोडे वेगळे. पगार नाही. साठाव्या वर्षी थांबायचं.

मी तिला आपल्या संपाचं सांगितलं. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक रस्त्यावर बसल्या होत्या, थंडीत, मुलंबाळं घेऊन. माझ्या हाताखाली शिकलेल्या किती तरी त्यात होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, काठमांडूतही आमच्या बायका मागण्या घेऊन जातात, मी एकदा गेले होते. मग म्हणाली, “सेवा म्हणतात. सेवा आहेच. पण माझी बहीण रस्त्यावर दगड फोडते, तिला दिवसाची मजुरी मिळते.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. जे काम तीस वर्षं रोज होतं, ज्याच्यावर देशाचे आकडे उभे राहतात, त्याला मजुरी मिळायला हवी. हे मी माझ्या अधिकाऱ्यांनाही म्हणाले होते आणि इथेही म्हणते.

सकाळी निघताना तिनं माझ्या गळ्यात पांढरी खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घातली. मी तिच्या हातात माझी डिजिटल थर्मामीटरची डबी ठेवली. तिच्या पिशवीत तेवढंच नव्हतं. ती आमच्याबरोबर पहिल्या चौतारीपर्यंत आली. आम्ही खाली उतरणार होतो, तिला वर जायचं होतं. पिशवी खांद्याला, कात्री पिशवीत, उरलेल्या दोन मुलांसाठी. आणि वाटेत कान्छीकडे डोकावायचं होतं.

दुपारी दोलालघाटला गाडी थांबली असताना बहिनीच्या फोनवर तिचा निरोप आला. बहिनीनं वाचून दाखवला. खालून मोटारसायकल आली, ट्यूबा मिळाल्या. आजारी बाळ दूध ओढतंय. दोन मुलांपैकी एकाला थेंब दिले, दुसरा मामाघरी गेलाय, तिहार झाल्यावर येईल, तेव्हा देते.